मुनीरच्या माश्या

मुनीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदूरघाटला धाकट्या भावाकडं होतो. सकाळची वेळ होती. भाऊ मेंढ्या सोडायच्या गडबडीत आणि मी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलेला. फोन मुनीरच्या थोरल्या भावाचा, हनीफभाईंचा होता. हनीफभाई अंबाजोगाईतले फळांचे व्यापारी. त्यांचा आवाज एरवी वखारीच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. त्या दिवशी तो इतका खाली गेला होता की मी दोनदा ‘हॅलो, हॅलो’ केलं. “दत्ता, मुनीर गेला रे. पहाटं, फजरच्या टायमाला... दुपारी जोहरनंतर मिट्टी हाय. ये तू.” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. हा फोन कधी ना कधी येणार हे मला माहीत होतं. मुनीरनंच मला ते नीट समजावून सांगितलं होतं, वर्गात फळ्यावर सांगावं तसं. तरी मी भावाला विचारलं, “आज वार कोणता रे?” कशासाठी विचारलं ते मला आजही सांगता येत नाही.

दुपारी कब्रस्तानात मूठभर माती देऊन बाहेर आलो तर फाटकापाशी वैशाली उभी. वैशाली ही मुनीरची विद्यार्थिनी, लिंबागणेशची. आता त्याच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. तिच्या ओढणीला मक्याच्या पिठाचे डाग होते आणि हाताला गूळ-यीस्टचा आंबूस वास येत होता, म्हणजे ती थेट प्रयोगशाळेतून आली होती. मला बघून ती म्हणाली, “सर, सकाळी फोन यायच्या आधीपर्यंत तपासत होते. नाही सापडला.” मला तिचा रागच आला. माणूस आत्ता मातीत गेला आणि ही काय सांगत बसलीय? पण माझ्या रागाची मुनीरनंच कधी पर्वा केली नाही, तर त्याची विद्यार्थिनी काय करणार... तिला सापडत नव्हती ती एक माशी होती. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, एक नर फळमाशी. माझ्या मित्राच्या आयुष्याचे शेवटचे बरे महिने त्या माशीच्या शोधात गेले, आणि तो जाईपर्यंत ती मिळाली नव्हती.

आम्ही अकरावीला अंबाजोगाईत एका बाकावर आलो. मी धनगराचा, माझ्या सदऱ्याला मेंढ्यांचा वास. तो बागवानाचा, त्याच्या सदऱ्याला पेरूचा. बाकीची पोरं आमच्या बाकापासून जरा सरकूनच बसायची, त्यामुळं आमची दोस्ती व्हायला वेळ लागला नाही. त्याच्या आब्बांचा बसस्टँडजवळ फळांचा गाडा होता. सीताफळाचा हंगाम आला की गाड्यावर माश्यांचा नुसता धुरळा असायचा आणि आब्बा हातात एक ओलं फडकं घेऊन दिवसभर ते हलवत असायचे. गिऱ्हाईक असो नसो, हात चालूच. मुनीर मात्र गाड्याखाली उकिडवा बसून फुटलेल्या सीताफळावरच्या माश्या काचेच्या बाटलीत धरायचा आणि त्यांचे लाल डोळे भिंगातून बघायचा. आब्बा मला म्हणायचे, “देख रे दत्ता, हमारी उमर गई मक्खियां हकालने में, अन् ये उनकू पालरा.” तक्रारीचा सूर होता, पण एखादं फळ फुटलं की ते विकायचं सोडून गाड्याखाली सरकवणारेही तेच होते.

पुढं मी बी.एड. करून मराठीचा मास्तर झालो आणि मुनीर बंगळूरला माश्यांवर पीएच.डी. करायला गेला. माश्यांवर पीएच.डी. असते हे मी चारचौघांत सांगितलं की लोक हसायचे, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्यात हसून घ्यायचो. तिथं त्याचं नाव झालं होतं, परदेशी जायचीही बोलणी झाली होती. आणि एक दिवस हा गडी दोन पिशव्या घेऊन अंबाजोगाईच्या स्टँडवर उतरला. एका पिशवीत कपडे, दुसरीत ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या, कापसाचे बोळे लावलेल्या बाटल्या. मी विचारलं, “कावून आलास बे परत?” तर म्हणाला, “तिथं माश्या बघायला लई जण हायत. इथं कोण हाय?” मला वाटलं, दोन वर्षांत कंटाळेल. तो इथल्या कॉलेजात लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला. निवृत्तीनंतरही सकाळी त्याचे पाय तिकडंच वळायचे. त्या बाटल्या जिवंत ठेवायच्या तर माश्यांना सतत नवीन खाण्यावर हलवावं लागतं. जुन्या बाटलीवर नवी बाटली उपडी धरायची, टिचकी मारायची, माश्या वर चढल्या की पटकन बोळा लावायचा. ईद असो, दिवाळी असो, घरात लग्न असो, ते काम चुकायचं नाही. त्याची बायको, रेहानाभाभी, म्हणायच्या की सवत परवडली, ती निदान सणासुदीला तरी माहेरी जाते.

त्या बाटल्यांत काय होतं हे मला त्यानं किती वेळा सांगितलं असेल. मराठीच्या मास्तराला कळलं ते असं. फळमाशीचा डोळा म्हणजे शेकडो बारीक डोळ्यांची जुळणी. त्यातल्या प्रत्येक बारीक डोळ्यात उजेड ओळखणाऱ्या आठ पेशी. आठवी सगळ्यात आधी ठरते, मग जोड्याजोड्यांनी बाकीच्या, आणि सातवी सगळ्यात शेवटी. ही सातवी पेशी अतिनील उजेड ओळखते, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पण आपण सातवी व्हायचं हे त्या पेशीला आपलं आपल्याला कळत नाही. शेजारची आठवी तिला अंगाला लागून सांगते, आणि सातवीच्या अंगावर एक प्रथिन असतं जे त्या सांगण्याची वाट बघत असतं. त्या प्रथिनाची जात म्हणजे कायनेज. “कायनेज म्हंजी काय बे, माणसासारखं सांग,” असं मी वैतागून म्हटल्यावर त्यानं मला विचारलं होतं, “तुझा बाप मेंढ्यांना गेरूचा ठिपका लावतो का न्हाई? कळप मिसळला तर आपली कोणती ते कळायला?”

“लावतो.”

“मग कायनेज म्हंजी ठिपका लावणारा. एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेटचा ठिपका लावतं. ठिपका लागला की ते दुसरं जागं होतं, अन् तिसऱ्याला लावतं. असं करत करत सांगावा पेशीच्या आतल्या घरात पोचतो. मग ती पेशी सातवी होती.”

“अन् ठिपका लागलाच न्हाई तर?”

“तर मरत न्हाई ती. भिंगाची पेशी होऊन बसती. बिघडत न्हाई बे, दुसरंच कायतरी होती.”

मुनीरच्या माश्यांत तो पहिला ठिपका लावणारं प्रथिनच नव्हतं. आठवी बोलायची, पण ऐकायला कुणी नाही. त्यामुळं त्यांच्या डोळ्यांत सातवी पेशी नसायची. पोरांनी त्यांचं नाव ‘सातवी नापास’ ठेवलं होतं आणि मुनीरला ते इतकं आवडलं की तोही तेच म्हणायला लागला. गंमत अशी की वरून बघून काही कळायचं नाही. डोळे तसेच लाल, पंख तसेच. फरक कळायचा तो फक्त अंधारात. काचेची एक नळी, पुढं तिला दोन फाटे, एका फाट्याच्या तोंडाशी हिरवा दिवा, दुसऱ्याच्या तोंडाशी अतिनील. अतिनील दिवा म्हणजे हनीफभाईंच्या गल्ल्यावरचा नोटा तपासायचा दिवा, आपल्याला त्याचा जांभळट भाग तेवढा दिसतो. साधी माशी सोडली की ती जांभळ्याकडं जायची. सातवी नापास हिरव्याकडं. खिडक्यांना काळे कागद लावलेल्या त्या खोलीत पोरं श्वास धरून बघायची. केज-धारूरकडची, बापाबरोबर शेळ्या वळून आलेली पोरं, आणि एका प्रथिनानं काय होतं ते त्यांना डोळ्यांनी दिसायचं. मी स्वतः एकदा ते बघितलं आणि त्यानंतर माश्यांवर हसायचं बंद केलं.

मग अभ्यासक्रम बदलला, तो प्रयोग गेला. नळी कपाटात गेली. माश्या मात्र मुनीरनं सोडल्या नाहीत. “प्रयोग येईल परत,” म्हणायचा. बाटलीवर बाटली उपडी धरायचं काम चालूच राहिलं.

त्याला खोकला सुरू झाला तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं की धूळ असेल. आयुष्यात विडीला हात न लावलेला माणूस. लातूरला तपासण्या झाल्या, फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, आणि तोही पसरलेला. रेहानाभाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या, हनीफभाई डॉक्टरांशी उगाचच जोरजोरात बोलत होते, आणि मुनीर रिपोर्ट वाचत होता. वाचता वाचता त्याचा चेहरा असा झाला की जणू जत्रेत कुणीतरी ओळखीचं भेटलंय. मला म्हणाला, “दत्ता, ही तर आपलीच निघाली बे. कायनेज. सातवीवाल्या प्रथिनाची चुलतबहीण. माशीत पण हाय ही.” मग तिथल्याच बाकड्यावर बसून त्यानं मला सांगितलं. माशीत ठिपका लावणारा नव्हता म्हणून सांगावा पोचला नाही. याच्या छातीत उलट झालं होतं. ठिपका लावणारा कुणी न बोलावताच ठिपके लावत सुटला होता, आणि पेशी वाढत चालल्या होत्या. त्यावर एक गोळी होती, त्या ठिपका लावणाऱ्याचा हात धरून ठेवणारी. “मग झालं तर,” मी म्हणालो. “झालं न्हाई,” तो म्हणाला. “काही दिवसांनी तो हात सोडवून घ्यायला शिकतो. मग गोळी धरू शकत न्हाई.” हे त्यानं मला आधीच सांगितलं होतं, असं मी वर म्हणालो ते हे. त्याच्या आवाजात भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. होती. पण ती त्यानं मला समजावून सांगण्यामागं लपवली होती आणि मी ती लपू दिली.

गोळीनं कमाल केली. दोन महिन्यांत खोकला गेला, चेहरा भरला, बिर्याणी मागून खायला लागला. रेहानाभाभींनी दर्ग्याला चादर चढवली. मला वाटलं, आता हा घरी बसेल, नातवंडं खेळवेल, माझ्याबरोबर चार गावं फिरेल. तर हा माणूस म्हणाला की माश्या वैशालीच्या हातात रीतसर द्यायच्यात. रीतसर म्हणजे प्रयोग करून दाखवून. त्यानं नळी काढून घासूनपुसून ठेवली आणि मलाही बोलावलं. खोलीत काळे कागद लावले, दोन्ही दिवे लावले, वैशालीनं बाटलीतल्या माश्या नळीत सोडल्या.

सगळ्या जांभळ्याकडं गेल्या.

मुनीरनं दिव्यांची अदलाबदल केली. म्हणाला, नळीचा एक फाटा तिरपा असेल. पुन्हा सोडल्या. पुन्हा जांभळ्याकडं, घोळक्यानं. दुसरी बाटली आणली, तिसरी आणली... मला त्यातलं फार कळत नव्हतं तरी वैशालीचा चेहरा बघून कळत होतं. मुनीर स्टुलावर बसला आणि बराच वेळ त्या जांभळ्या टोकाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “कळप मिसळला, दत्ता. अन् ठिपका कुणालाच न्हाई.”

कुठं मिसळला ते त्याचं त्यालाच उमगलं. कॉलेजातल्या खोलीचा एसी सुट्टीत बंद असायचा, आणि अंबाजोगाईचा मे महिना तर तुम्हाला माहीत आहे. इतक्या उष्म्यात या माश्यांचे नर वांझ होतात. म्हणून दर उन्हाळ्यात मुनीर त्या बाटल्या हनीफभाईंच्या वखारीत, केळी पिकवायच्या थंड खोलीत नेऊन ठेवायचा. चोवीस तास गारवा, वीज गेली तर जनरेटर, आणि भावाची देखरेख. याहून चांगली जागा जिल्ह्यात नव्हती. आणि तिथंच, केळ्यांच्या घडांच्या मधोमध उभा राहून तो बाटल्या उघडायचा आणि माश्या नव्या खाण्यावर हलवायचा. त्या टिचकीभर वेळात वखारीतली एखादी रानटी माशी आत गेली असेल. एकच पुरे. “फळाच्या वखारीत माश्या सांभाळायला कोण नेईल बे?” तो म्हणाला. “जगात कुणीच न्हाई नेणार. बागवानाचंच पोरगं नेईल. मला ती जागा परकी वाटलीच न्हाई.” तो हसायला गेला आणि ते जमलं नाही.

मी त्याला म्हणालो, नवीन मागव. बंगळूरला फोन केला तर आठवड्यात नळीभर सातवी नापास माश्या कुरियरनं येतील, हे मला त्याच्याच तोंडून माहीत होतं. तो म्हणाला, “वैशालीला मागवून देणारच हाय. तो प्रश्न न्हाई.” मग प्रश्न काय होता? तेव्हा त्यानं सांगितलेलं वाक्य माझ्या मनातून जात नाही. “मी एवढी वर्षं म्हणत होतो, सांभाळतोय. सांभाळत होतो का नुसता खाऊ घालत होतो, ते मला कळायला पायजे.” रानटी माश्यांत मिसळून तो दोष पातळ होत गेला असेल, पण एखाद्या माशीत अजून उरला असेलही. मादीत तो झाकून राहू शकतो, नरात राहत नाही. नरात असला तर तो नर हिरव्याकडं जाणारच. तेव्हा एकेक नर घ्यायचा आणि तपासायचा. एक जरी सापडला तरी त्याच्यापासून सगळी ओळ परत उभी करता येते. एक सापडला तर म्हणता येईल की ओळ तुटली नव्हती, आणि हे सगळं अगदीच फुकट नव्हतं.

आणि मग ते सुरू झालं. रोज सकाळी वैशाली माश्या बर्फावर झोपवायची, भिंगाखाली नर वेगळे काढायची, आणि दोघं अंधारात बसून एकेकाला नळीत सोडायचे. माशी लहरी असते. एकदा हिरव्याकडं गेली म्हणून लगेच मानायचं नाही. एखादा नर गेला हिरव्याकडं की मुनीर सरसावून बसायचा, आणि पुढच्या खेपेला तो नर जांभळ्याकडं वळायचा. मी कधी कधी जाऊन बसायचो आणि चिडून यायचो. मला दिसत होतं की गोळीनं दिलेले हे दिवस मोजके आहेत. रेहानाभाभींनाही दिसत होतं. एकदा त्यांनी माझ्यासमोरच त्याला सुनावलं, “तुमकू अल्लाने मोहलत दी, अन् तुम वो मक्खियों कू दे रे. मैं नै दिखती क्या तुमकू?” दुसऱ्या दिवशी मुनीर कॉलेजात गेला नाही, दिवसभर त्यांच्याजवळ बसून राहिला, शेंगा सोलून दिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्याच्या हातात डबा दिला आणि म्हणाल्या, “जाव.”

हिवाळा सरता सरता खोकला परत आला. गोळीचा हात सुटला होता. नंतरचं सगळं फार भराभर झालं. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, पलंग खिडकीकडं सरकवला. वैशाली रोज दुपारी कॉलेजातून थेट यायची आणि मुनीर तिच्याकडं नुसतं बघायचा, कारण बोलायला दम पुरत नव्हता. ती मान हलवायची. नाही.

आमची शेवटची भेट त्यातलीच. मी गेलो तेव्हा वैशाली नुकतीच आली होती आणि रेहानाभाभी तिला स्वैपाकघरात घेऊन गेल्या होत्या. मलाही हाक मारली. तिथं त्या हलक्या आवाजात वैशालीला म्हणाल्या, “बोल दे ना बेटा, मिल गया करके. क्या जाता तेरा? उनकू नींद तो लगेगी.” मला ते लगेच पटलं. मी वैशालीला मास्तरकीच्या सुरातच सांगितलं की भाभी म्हणतात तसं कर, मरणाऱ्या माणसाला एक खोटं सांगितल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. ती रडत होती. ओढणीनं डोळे पुसून म्हणाली, “सर विचारतील, किती वेळा तपासला. पुढची पिढी बघितली का. मग मी काय सांगू?”

“सांग काहीही. आता कुठं पडताळायला येणार आहेत ते?”

“म्हणूनच न्हाई सांगता येत, सर,” ती म्हणाली.

आम्ही आत गेलो. मुनीरनं तिच्याकडं बघितलं. मला अजून आशा होती की ऐनवेळी ती बोलून जाईल. ती पलंगाशी वाकली आणि स्पष्ट म्हणाली, “नाही सापडला, सर. आज निघालेले सगळे नर जांभळ्याकडंच गेले.” मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मुनीरनं डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यानं माझा हात चाचपला आणि एकेक शब्द गोळा करत म्हणाला, “दत्ता... ही खोटं बोलत न्हाई बे. आता... मला काळजी न्हाई.” रेहानाभाभी दारातच उभ्या होत्या. त्या वळून आत निघून गेल्या. मी थोडा वेळ त्याचा हात धरून बसलो, मग त्याला झोप लागली म्हणून उठलो. खरी झोप होती ती, घोरण्याची. त्यानंतर मी त्याला बोलताना पाहिलं नाही.

चाळिसावा होऊन गेला. मी फातेहाच्या प्रार्थनेला गेलो, जेवलो, हनीफभाईंच्या गळ्यात पडून रडलो आणि गावी आलो. मित्र गेल्यावर माणूस म्हातारा होतो असं ऐकलं होतं. मला तर वाटलं की माझी अकरावी-बारावीच कुणीतरी काढून नेली. आता ‘बे’ म्हणणारं कुणी उरलं नाही. बाकी सगळे मला ‘सर’ म्हणतात.

मागच्या आठवड्यात वैशालीचा फोन आला. तिनं एवढ्यात फोनच केला नव्हता, आणि का केला नव्हता ते आता कळलं. मुनीर गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला एक नर मिळाला होता. सोडेल तेव्हा हिरव्याकडं जाणारा. दिवे बदलले, नळी बदलली, तरी हिरव्याकडंच. तरी ती कुणाला बोलली नाही. तिनं त्याला साध्या माशीबरोबर वेगळ्या बाटलीत ठेवला, त्यांच्या मुली होऊ दिल्या, त्या मुलींची पोरं होऊ दिली, आणि मग त्या नातवंडांतले नर तपासले. निम्मे जांभळ्याकडं गेले, निम्मे हिरव्याकडं. मगच तिनं मला फोन केला. म्हणाली, “सापडला, सर.” मी नांदूरघाटच्या ओट्यावर होतो. सापडला म्हणून आनंद व्हायला हवा होता, आणि माझ्या मनात एकच की महिनाभर आधी का नाही सापडला रे तू... त्या एवढ्याशा जिवाला मी शिवी दिली.

वैशालीनं रेहानाभाभींनाही कळवलं होतं. त्या म्हणाल्या, “मेरेकू दिखा. मेरा आधा घर उनो खाए, मैं देखूंगी एक बार.” भाभी इद्दतमध्ये आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. मग वैशालीनंच नळी, दोन दिवे आणि नातवांची बाटली पिशवीत घालून घरी नेली. मीही गेलो. पण इद्दतमध्ये परपुरुषासमोर यायचं नसतं, त्यामुळं हनीफभाई मला बैठकीतच घेऊन बसले. आतल्या खोलीच्या दाराला पडदा. ज्या खोलीत मुनीरचा पलंग होता तीच खोली. आत वैशालीनं खिडकी लावली, कापड अडकवलं, दिव्यांच्या वायरी कुठं लावायच्या ते विचारलं. पडद्याखालून हिरवट उजेडाची एक रेघ फरशीवर आली. मग नळीवर टिचकी मारल्याचा आवाज आला.

“हा बघा चाची, हा नर. आता बघा कुठं जातो.”

बैठकीत हनीफभाईंनी तसबीचे मणी ओढायचे थांबवले.

“हरे तरफ गया,” रेहानाभाभींचा आवाज आला.

“हां. परत सोडते.”

पुन्हा टिचकी. “हरे तरफच गया,” भाभी म्हणाल्या. मग जरा वेळानं, “वो दूसरा उजाला उसकू दिखताइच नै?”

“नाही, चाची.”

“फिर जीता कैसा?”

“चांगला जगतो की. बाकी सगळं दिसतं त्याला. खातो, उडतो, पोरंबाळं होतात. त्याला कळत पण न्हाई काही कमी आहे म्हणून.”

मला वाटलं, आता भाभी दिवा लावायला सांगतील.

“इसने कभी देखाइच नै ना,” त्या म्हणाल्या. “अच्छा है उसका.”

आत दिवा कुणी लावला नाही. वैशालीनंही घाई केली नाही. हनीफभाई आणि मी फरशीवरच्या त्या हिरव्या रेघेकडं बघत बसून राहिलो.